गाडीचा अंगरखा

शाळा उघडण्याच्या आदल्या दिवशी घरोघरी पुस्तकांना खाकी कव्हरं घालण्याचा कार्यक्रम असायचा. ज्यांनी तो केला आहे त्यांना दोन गोष्टी ठाऊक आहेत. कागद फार ताणला की कोपऱ्यावर फाटतो, आणि पुस्तकाचा कोपरा आधीच दुमडलेला असेल तर तो कव्हराखालूनही दिसतो. मोटारीला व्हिनाइलची रंगीत फिल्म चढवणं, म्हणजे गाडी ‘रॅप’ करणं, हे बरंचसं तसंच आहे.

आमच्या सोसायटीतल्या एका तरुणानं जुनी जिप्सी घेतली. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारी, घाटात आणि चिखलात हमखास चालणारी. गाडी कोकणातली. रंग विटलेला, दाराखालचा पत्रा फुगलेला. मला म्हणाला, “काका, रंगकामाच्या भानगडीत पडत नाही. रॅप करून टाकतो. मिलिटरी हिरवा!” पी हळद आणि हो गोरी! मी म्हटलं, “अरे, जरा थांब.” त्याला जे सांगितलं, तेच आज आपल्याला सांगतो.

व्हिनाइल म्हणजे आपल्या पाण्याच्या पाइपातलं पीव्हीसीच. त्याला मऊ, लवचीक करण्याची युक्ती १९२६ साली अमेरिकेत वाल्डो सीमन या रसायनशास्त्रज्ञाला सापडली. या मऊ पीव्हीसीची पातळ फिल्म करून मागे गोंद लावला की झालं रॅपचं कापड. ते दोन जातींचं असतं. एक रुळांतून लाटून काढलेलं. पोळी लाटल्यावर जरा आखडते ना, तशी ही फिल्मही कालांतरानं आखडते आणि कडांवरून सुटू लागते. दुसरी जात पातळ द्रव ओतून, भट्टीत वाळवून केलेली. तिच्यात ताण नसतो. जाडी साधारण ५० मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा विसावा भाग. ती महाग, पण गोलाईवर नीट बसते. पूर्ण गाडीसाठी हीच घ्यावी. दर विचारण्याआधी जात विचारावी.

आता मुख्य मुद्दा. फिल्म पत्र्याला चिकटत नाही, ती पत्र्यावरच्या रंगाला चिकटते. रंगच सुटत असेल तर फिल्म काय धरून बसणार? उद्या ती काढताना रंगाचे पोपडे तिच्याबरोबर येतात. आणि गंज तर झाकला म्हणून थांबत नाही. दाराच्या पोटात साचलेलं पाणी आतून पत्रा खातच राहतं, वर मात्र सगळं चकचकीत. रानात, डोंगरात जाणाऱ्या गाडीचा पत्रा असा आतून पोकळ होणं हा दिसण्याचा नव्हे, जिवाचा प्रश्न आहे. म्हणून आधी गंज कापून, जोड देऊन, प्रायमर आणि रंग. तो ताजा रंगही काही आठवडे पूर्ण वाळू द्यावा, नाहीतर त्यातून निघणाऱ्या वाफेनं फिल्मखाली फुगे येतात.

मग खरं काम. गाडी धुवायची, मेण आणि तेलाचा अंश स्पिरिटनं पुसायचा. दिवे, हँडल, आरसे शक्य तितके उतरवायचे. धूळ नसलेल्या बंद जागेत फिल्म पसरून रबरी पट्टीनं मधून कडेकडे दाबत न्यायची, वळणावर गरम हवेनं मऊ करायची. शेवटी ताणलेल्या जागा पुन्हा चांगल्या तापवायच्या. नाहीतर फिल्मला आपला मूळ आकार आठवतो आणि ती मागे सरकते. कटर थेट रंगावर चालवणारा कारागीर असेल तर तिथून उठावं. त्या रेघेतूनच पुढे गंज शिरतो.

अशा गाड्यांचा पत्रा बराचसा सपाट, म्हणून काम सोपं वाटतं. अडचण असते उघड्या बिजागऱ्यांशी, चाकांच्या कमानींशी आणि खरखरीत प्लॅस्टिकच्या बंपरशी. खरखरीत प्लॅस्टिकवर फिल्म टिकत नाही, ते तसंच सोडावं. करवंदीच्या जाळीचे बारीक ओरखडे फिल्म अंगावर घेईल, दगडाचा घाव नाही. चिखल कडांत वाळू देऊ नये आणि धुताना पाण्याचा जोरदार फवारा कडेवर मारू नये. बॉनेट आणि टप यांवर ऊन थेट पडतं, तिथली फिल्म आधी म्हातारी होते.

राहिला मिलिटरी हिरवा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला १२१ वा नियम सांगतो की, संरक्षण खात्याची नसलेली गाडी ऑलिव्ह ग्रीन रंगवता येत नाही. आम्ही रंगवली नाही, फिल्म लावली, असा युक्तिवाद नाक्यावर करून पाहण्यात शहाणपण नाही. दुसरा कुठलाही रंग निवडला, तरी आरसी बुकात जुना रंग लिहिलेला असतो. म्हणून आधी आरटीओत विचारून बदलाची नोंद करून घ्यावी आणि विमा कंपनीलाही कळवावं.

त्या तरुणानं दाराखालचा पत्रा उघडला तेव्हा स्क्रू ड्रायव्हर आरपार गेला. रॅपसाठी ठेवलेल्या पैशांतले बरेचसे वेल्डिंगवाल्याकडे गेले. पुढच्या वर्षी नोंद करून त्यानं गाडीला वाळूच्या रंगाची फिल्म लावली. परवा तीच गाडी घेऊन तो आईवडिलांना गावी सोडून आला.