धड रस्त्यावर डांबर कशासाठी?

पावसाळा सरून डांबरीकरणास प्रारंभ झाला, की नागरिकांची कुरकुर ऐकू येते : ‘खड्ड्यांचे रस्ते तसेच, आणि धड दिसणाऱ्या रस्त्यावर नवा थर कशाला?’ प्रश्न रास्त वाटतो. पण तो रास्त नाही.

ऊन आणि हवा यांनी डांबर वर्षानुवर्षे कडक होत जाते, त्याची लवचिकता नष्ट होते आणि पृष्ठभागावर केसासारख्या भेगा पडतात. त्यांतून पाणी खालच्या खडीत उतरले, की ती सैल होते. मग अवजड गाड्यांच्या चाकांखाली खड्डा पडावयास एक पावसाळा पुरतो. वरचा थर वेळीच बदलला तर पाया वाचतो. पाया खचू दिला तर सबंध रस्ताच उकरावा लागतो.

पुण्याचा जंगली महाराज रस्ता या वादात हमखास पुढे केला जातो. १९७६ साली पुरा झालेला तो रस्ता दहा वर्षांची हमी संपल्यावरही कित्येक वर्षे टिकला, हे खरे. त्यावरून उत्तम पायाचे मोल कळते. देखभाल अनावश्यक, हे कसे ठरते?

मात्र जुना थर खरवडल्यावाचून महापालिकेने नवा घालू नये. थरांवर थर चढून रस्ते उंचावले, घरांची जोती खाली गेली आणि पाणी उंबरठा ओलांडू लागले. (खापर अर्थात मेघराजावर!) जलवाहिन्या व तारा यांचे खोदकामही डांबर पडण्यापूर्वीच उरकावे. नवा रस्ता फोडणाऱ्याकडून दुरुस्तीचा खर्च वसूल करता येतो, पण सांधा राहतोच. आणि पाण्याला तेवढी वाट पुरते.