मनगटासाठी पायातले हाड

जायंट सेल ट्यूमर हा कर्करोग नव्हे, असे वैद्यकीय पुस्तके सांगतात आणि ते खरे आहे. तरीही त्याला ‘साधी गाठ’ म्हणायला मी तयार नाही. ही गाठ हाडाच्या टोकाशी बसून हाड खाते, सांध्यापर्यंत पोचते, आणि थोड्या रुग्णांत तर फुप्फुसातही उतरते. बहुतेक रुग्ण वीस ते चाळीस वयाचे, म्हणजे ऐन कामाच्या वयातले. गुडघ्यालगतची दोन हाडे ही तिची सर्वांत आवडती जागा. त्याखालोखाल क्रमांक लागतो रेडियसच्या खालच्या टोकाचा, म्हणजे मनगटाच्या अंगठ्याकडच्या हाडाचा.

इटलीतील बोलोन्याचे शल्यचिकित्सक मारिओ कॅम्पानाची यांनी १९८७ मध्ये या गाठीच्या तीन पायऱ्या मांडल्या. उपचार आजही त्यांवरून ठरतो. हाडाचे कवच शाबूत असेल तर गाठ खरवडून काढतात, पोकळी वेगाने फिरणाऱ्या यंत्राने घासतात, फिनॉल लावतात आणि हाडाचे तुकडे किंवा सिमेंट भरतात. मनगट वाचते. पण कवच फोडून गाठ बाहेर पसरली, की टोकच कापून काढावे लागते. २०१३ मध्ये अमेरिकेत या गाठीसाठी मान्यता मिळालेले डेनोसुमॅब हे इंजेक्शन गाठीची हाड खाण्याची प्रक्रिया रोखते आणि गाठीभोवती टणक कवच तयार होते. मात्र त्यानंतर नुसते खरवडले, तर त्या नव्या हाडात गाठीच्या पेशी दडून राहण्याची भीती असते. इंजेक्शन शस्त्रक्रियेला पर्याय ठरलेले नाही.

रेडियसचे टोक काढल्यावर हाताचा पंजा आधाराविना एका बाजूला कलतो. तिथे काय बसवायचे? सर्वांत जुने उत्तर रुग्णाच्याच पायात आहे. नडगीशेजारच्या फिब्युला या बारीक हाडावर शरीराचा फारच थोडा भार येतो, आणि त्याचे वरचे टोक मनगटाच्या लहान हाडांशी बऱ्यापैकी जुळते. १९११ पासून ते वापरात आहे. टोकासह हाड काढून उलटे फिरवतात, उरलेल्या रेडियसला प्लेट-स्क्रूने जोडतात आणि मनगटाचे अस्थिबंध शिवतात. इकडे गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा अस्थिबंध पुन्हा बसवावा लागतो. फिब्युलाच्या मानेला वळसा घालून जाणारी नस दुखावली, तर पाऊल उचलता येत नाही. घोट्याजवळचा भाग जागीच ठेवतात, नाहीतर घोटा डळमळतो.

असे बसवलेले हाड सुरुवातीला निर्जीवच असते. जुन्या घराचे वासे एकेक करून बदलावेत, तसे शरीर ते हळूहळू नव्या हाडाने भरून काढते. याला महिने, कधी वर्षे लागतात, आणि तंबाखू-सिगारेट या कामात अडथळा आणतात. हाडाची रक्तवाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली हाताच्या वाहिनीला जोडली, तर ते जिवंतच राहते. ऑस्ट्रेलियातील टेलर यांनी १९७५ मध्ये ही पद्धत प्रसिद्ध केली. त्यासाठी मात्र तासन्‌तास चालणारी शस्त्रक्रिया आणि खास प्रशिक्षित चमू लागतो.

दुसरा मार्ग मला अधिक महत्त्वाचा वाटतो. शेजारच्या अल्ना या हाडाचा तुकडा स्नायूंसकट बाजूला सरकवून रिकाम्या जागी आणायचा आणि मनगट कायमचे सांधून टाकायचे. पायाला हात लावावा लागत नाही, आणि स्नायू न सोडवल्यामुळे तुकड्याचा रक्तपुरवठा टिकतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील अजय पुरी आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये याचे चांगले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मनगट वाकत नाही, पण तळवा वर-खाली फिरतो आणि मूठ घट्ट बसते.

हलणारे मनगट हवे, असे कोणालाही वाटेल. पण फिब्युलाचा सांधा काही वर्षांनी निसटू लागतो, झिजतो, दुखतो. कुदळ चालवणाऱ्या, ओझी उचलणाऱ्या माणसाला न दुखणारे, घट्ट मनगट अधिक उपयोगी पडते. तबलजीचा किंवा टंकलेखकाचा निर्णय वेगळा असेल. तो निर्णय रुग्णाला त्याच्या कामाबद्दल विचारूनच व्हायला हवा. क्ष-किरण चित्र हे सांगत नाही.

वाचकांना एवढीच विनंती: तरुण माणसाचे मनगट लचकल्याच्या समजुतीने दुखत असेल आणि काही आठवड्यांत सूज उतरत नसेल, तर चोळून घेऊ नका, आधी एक्स-रे काढा. गाठ दिसली, तर बायोप्सी तिथेच करून घ्या जिथे पुढची शस्त्रक्रिया होणार आहे. चुकीच्या जागी दिलेला छेद पुढच्या शस्त्रक्रियेची वाट अवघड करतो.