संकोच नको, वेळ दवडू नका

इंदूरजवळचे हातोद हे तहसिलीचे लहान गाव. अशा ठिकाणी औषधाचा दुकानदार बहुधा ओळखीचाच असतो. त्यामुळे संततिनियमनाचे साधन ऐनवेळी फसले, तर गृहिणी संकोचाने गप्प राहते आणि मोलाचे तास निघून जातात.

लेव्होनॉर्जेस्ट्रेलची दीड मिलिग्रॅमची एक गोळी संबंधानंतर ७२ तासांच्या आत घ्यावयाची असते. जितकी लवकर, तितकी गुणकारी. ती बीजांड बाहेर पडणे लांबविते. राहिलेला गर्भ पाडीत नाही. भारतात २००५ पासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीविना मिळते. तरीही शंका असल्यास ‘ई-संजीवनी’ या सरकारी सेवेतून २०२० पासून घरबसल्या, विनामूल्य, डॉक्टरांशी बोलता येते. क्षयाची वा फेफऱ्याची औषधे चालू असल्यास त्यांना अवश्य सांगावे. त्यांपैकी काहींमुळे गोळीचा प्रभाव उणावतो. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे अधिक खात्रीचे. पाळी आठवडाभर लांबल्यास तपासणी करावी. ही गोळी नित्याचे साधन मात्र नव्हे.

र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमन केंद्र काढले, तेव्हा त्यांना लोकनिंदा सोसावी लागली. शंभर वर्षांनंतर तरी भगिनींनी लाजेपायी वेळ दवडू नये.