आमवात आणि हाडांची झीज

आमवातात सांधे नुसते सुजत नाहीत, आतले हाडही कुरतडले जाते. गेलेले हाड सहसा भरून येत नाही. वेदनाशामक गोळ्यांनी दुखणे दबते, झीज चालूच राहते. ती रोखण्यासाठी डॉक्टर बहुधा प्रथम मेथोट्रेक्सेट देतात. त्याने भागले नाही तर रिटुक्सिमॅबसारखी इंजेक्शने असतात, हैदराबादच्या डॉ. रेड्डीज कंपनीने २००७ साली ते भारतात बनवून आणले. येथील निम्स रुग्णालयात संधिवाताचा स्वतंत्र विभाग आहे.

शेतकरी बंधुभगिनींनो, आम्ही बजावून सांगतो : मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच! रोज घेतल्यास जिवावर बेतते. बाजाराचा वार ठरवा, म्हणजे विसर पडणार नाही. गरोदरपणी ती वर्ज्य. रक्त वेळच्या वेळी तपासून घ्या.