रॅपचे जुने उस्ताद आणि नवे शिलेदार

रॅप म्हणजे नुसती बडबड, असं घरी ऐकता ना? मग ही गंमत वाचा.

११ ऑगस्ट १९७३. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या सिंडी कॅम्पबेलला शाळेसाठी नवे कपडे हवे होते. तिने तिकीट लावून पार्टी ठेवली. गाणी वाजवली भावाने, म्हणजे डीजे कूल हर्कने. गाण्यातला ढोलाचा तुकडा लांबवायला तो सारख्याच दोन तबकड्या वापरायचा. एकीवरचा संपला की दुसरीवरचा सुरू! हिप हॉप तिथूनच वाढलं.

आता मोबाईलवर आयता ताल मिळतो. मग नव्यांचं काम सोपं झालं का? छे! ताल मिळतो, शब्द कुठे मिळतात? मुंबईचा डिव्हाईन आधी इंग्रजीत रॅप करायचा. तो गल्लीच्या हिंदीत आला आणि २०१५ साली नेझीबरोबरच्या 'मेरे गली में'ने गाजला.

थोर कोण? जुन्यांनी वाट पाडली, नवे तिच्यावरून आपली भाषा घेऊन निघाले.

आपल्या गोरेगावकडे घरात झाडीबोली, पोवारी बोलणारी मुलं वर्गात मात्र गप्प बसतात. अरे, दंडार बोलीतच रंगते ना? मग बाकावर ठेका धरा, आपल्या बोलीत चार ओळी रचा. कुणी हसलं तर हसू द्या. पाचवी ओळ त्याच्यावरच लिहा!