पाहुणे दोन महिन्यांचे, विहीर जन्माची

मे महिना लागला की घर भरते. मुंबई-पुण्याकडची लेकरे मामाच्या गावाला येतात, ओटीवर अंथरुणे पुरत नाहीत, आणि घरच्या बाईच्या ध्यानात सर्वांत आधी एक गोष्ट येते : मोरीचे पाणी तुंबले! पाच माणसांसाठी खणलेला शोषखड्डा पंधरा माणसांचे पाणी जिरवीत नाही. परसात चिखल होतो, डास होतात, केळीच्या बुंध्याशी वास येऊ लागतो. आठवड्याने पाहुणे जातात आणि आपण ती गोष्ट विसरून जातो.

पण हेच पाहुणे दोनशे असले आणि दोन महिने राहणार असले तर? आणि ज्या उताराला त्यांचे सांडपाणी जिरणार, त्याच उताराखाली शेजाऱ्याची पिण्याची विहीर असली तर?

हल्ली आपल्याकडेही शेतावर मुलांची उन्हाळी शिबिरे भरू लागली आहेत. कृषी पर्यटनाचे राज्य धोरण २०२० साली आले, आणि पुष्कळ शेतकरी कुटुंबांनी बांधावर तंबू आणि खोल्या उभ्या केल्या. चार पैसे हाती येतात, चांगलेच आहे. पण वरचा प्रश्न सुटला पाहिजे. तो ज्यांना फार वर्षांपासून पडतो आहे, त्या कॅनडा देशातील ऑन्टारिओ प्रांताची रीत म्हणूनच पाहण्यासारखी आहे.

तळ्याकाठची शिबिरे

ऑन्टारिओत शाळांची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये असते. त्या दिवसांत हजारो मुले रानात, तळ्याकाठच्या शिबिरांत राहायला जातात. अल्गोन्क्विन उद्यानातील अहमेक हे शिबिर तर १९२१ सालापासूनचे आहे. पोहणे, होडी वल्हवणे, रात्री शेकोटी, असा सारा थाट. शहरासारखी गटारे मात्र रानात नसतात. शौचालयाचे, न्हाणीघराचे आणि स्वयंपाकघराचे सारे पाणी तिथल्याच जमिनीत जिरवावे लागते.

१९९८ साली त्या प्रांताने लहान सांडपाणी यंत्रणा इमारतीच्या नियमांखाली आणल्या. तेव्हा सीमा धरली गेली दिवसाला १०,००० लिटरची. त्याहून अधिक पाणी जमिनीत सोडायचे, तर पर्यावरण खात्याची वेगळी मंजुरी. दहा हजार लिटर म्हणजे टंचाईत आपल्या गावी येणारा एक मोठा टँकर. समजा, दीडशे मुले आणि पन्नास कामाची माणसे आहेत, आणि माणशी शंभर लिटर पाणी लागते. झाले की रोजचे दोन टँकर! म्हणजे मोठे शिबिर मंजुरीच्या दारातून गेल्यावाचून सुटत नाही.

जमिनीचे पोट किती?

मंजुरी म्हणजे नुसता शिक्का नव्हे. जाणकार अभियंत्याला आधी जमिनीची परीक्षा करावी लागते. आपण पेरणीपूर्वी माती पाहतो ना, तशीच. खड्डा घ्यायचा, पाणी ओतून माती भिजवायची आणि मग पाण्याची पातळी एक सेंटिमीटर उतरायला किती मिनिटे लागतात ते मोजायचे. एका मिनिटाच्या आत उतरले, तर जमीन फार पोकळ. घाण न गाळताच खाली जाईल. पन्नास मिनिटांहून अधिक लागली, तर जमीन चिकण. पाणी वर तुंबेल.

यंत्रणा तशी साधी असते. आधी सेप्टिक टाकी : जड गाळ तळाशी बसतो, तेलतूप वर तरंगते आणि मधले पाणी पुढे जाते. मग खडी भरलेले चर आणि त्यांत भोके पाडलेले पाईप. तेथून पाणी मातीत झिरपते. खरे शुद्धीकरण माती करते, मातीतले जिवाणू करतात. त्यासाठी चराच्या तळापासून खालच्या भूजलापर्यंत किंवा खडकापर्यंत निदान ९०० मिलिमीटर, म्हणजे तीन फूट, कोरडी हवेशीर माती असावी असा तिथला नियम आहे. त्या भागात पुष्कळ ठिकाणी वीतभर मातीखाली कातळ लागतो. तिथे बाहेरून वाळू आणून उंच गादीवाफ्यासारखा भराव करावा लागतो.

विहिरीचे अंतरही ठरलेले. खोलवर केसिंग घातलेल्या कूपनलिकेपासून चर १५ मीटर दूर हवा आणि उघड्या, उथळ विहिरीपासून ३० मीटर.

हंगामी शिबिराची आणखी एक अडचण असते. दहा महिने टाकी उपाशी आणि दोन महिने तिला अजीर्ण! पहिल्याच दिवशी दोनशे माणसे येतात, तेव्हा टाकीतले जिवाणू पुरते वाढलेले नसतात. सकाळी सगळ्यांच्या आंघोळी एकाच वेळी होतात. म्हणून हिशेब वर्षाच्या सरासरीवर करून चालत नाही, भरगच्च दिवसावर करावा लागतो. स्वयंपाकघराच्या पाण्यासाठी तेलतूप अडवणारे वेगळे कुंड ठेवतात, आणि पाणी आधी साठवून पंपाने थोडे थोडे चरांत सोडतात.

माती रोगजंतू अडवते, पण नायट्रेट अडवीत नाही. युरिया टाकून जास्त पाणी दिले की खत खाली निघून जाते, हे आपल्याला ठाऊकच आहे. सांडपाण्यातला नत्रही तसाच विहिरीपर्यंत जातो. तान्ह्या बाळाच्या पोटात असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळे पडते. कॅनडात पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, आणि आपल्या भारतीय मानकातही नेमकी तीच. देश वेगळे असले तरी बाळे सारखीच.

शेजाऱ्याचाही शब्द

ऑन्टारिओच्या १९९३ च्या पर्यावरण हक्क कायद्याने आणखी एक गोष्ट केली. अशा मंजुरीचा अर्ज आला की तो सर्वसाधारणपणे सर्वांना पाहता येईल असा जाहीर करायचा आणि निदान तीस दिवस लोकांचे म्हणणे ऐकायचे. खालच्या अंगाचा शेतकरी सांगू शकतो, “पावसाळ्यात त्या कोपऱ्यात पाणी वर येते, तिथे चर नको.” कागदावर न दिसणारी गोष्ट शेजाऱ्याला ठाऊक असते.

वॉकरटनची विहीर

एवढी खबरदारी कशाला, असे कोणी म्हणेल. त्याने वॉकरटनची गोष्ट ऐकावी. ऑन्टारिओतलेच हे शेतकरी मुलखातले छोटे गाव. २००० सालच्या मे महिन्यात तिथे मुसळधार पाऊस झाला. जवळच्या शेतातील शेणखताचे जंतू गावाच्या एका उथळ विहिरीत उतरले. पाण्यात क्लोरीन पुरेसे पडत नव्हते आणि नोंदी खोट्या लिहिल्या जात होत्या. जेमतेम पाच हजार वस्तीच्या गावात दोन हजार तीनशेहून अधिक माणसे आजारी पडली आणि सात दगावली.

चौकशी झाली. शेतकऱ्याने रीतसर शेती केली होती, त्याचा दोष नव्हता. पण ही विहीर धोक्याची आहे, हे १९७८ सालीच दिसले होते. १९७९ मध्ये तिला मंजुरी मिळाली, पण तिच्यावर स्पष्ट अटी घातल्या गेल्या नाहीत. कागदावर न लिहिलेल्या त्या अटींची किंमत एकवीस वर्षांनी गावाने मोजली.

आपल्या शिवारात

बंधू-भगिनींनो, आपले भारतीय मानकही सांगते की सांडपाणी जिरवण्याची जागा पिण्याच्या विहिरीपासून निदान १८ मीटर आणि राहत्या घरापासून ६ मीटर दूर हवी. १८ मीटर म्हणजे साधारण साठ फूट. १९७४ च्या जल प्रदूषण कायद्यानुसार घाण विहिरीत किंवा ओढ्यात जाऊ देण्यास मनाई आहे.

तेव्हा शेतावर शिबिर भरवायचे असेल, तर तंबू ठोकण्याआधी एवढे करा. सर्वांत गर्दीच्या दिवशी किती माणसे असतील ते लिहा. खड्डा खणून पाणी किती वेळात जिरते ते पाहा. काळ्या चिकण रानात ते जिरणार नाही, आणि फुटक्या कातळात न गाळताच विहिरीला मिळेल. जागा विहिरीच्या खालच्या अंगाला निवडा आणि पावसाळ्यातली भूजलाची पातळी धरा, उन्हाळ्यातली नव्हे. मुक्काम मोठा असेल, तर ग्रामपंचायतीत आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आधीच विचारा. विहिरीचे पाणी हंगामाआधी एकदा आणि हंगामानंतर एकदा तपासून घ्या.

आणि शेजारच्या घरी जाऊन या. “आमच्याकडे दोनशे मुले येणार आहेत, सांडपाणी या बाजूला जिरवू का?” असे विचारा. परवानगीचा कागद सरकार देईल, पण खालच्या विहिरीवर घागर भरणाऱ्या माउलीचा होकार आपणच मिळवायचा असतो. शिबिर संपले की मुले आपापल्या गावी जातील. ते पाणी तिला आणि आपल्याला वर्षभर प्यायचे आहे.