मोठ्या आतड्यात गाठी का धरतात?

गुडघा खरचटला की काही दिवसांत नवी कातडी येते. मोठ्या आतड्याचं अस्तर तर जखम नसतानाही दर ४-५ दिवसांनी नवं होतं. एवढ्या घाईत पेशींची नक्कल कधीतरी चुकते आणि एखाद्या जागी गाठ वाढते, तोच पॉलिप. सिगारेटमधली रसायनं रक्तातून इथवर पोहोचतात आणि चुका वाढवतात. दारूपासून बनणारं अ‍ॅसिटाल्डिहाइडही तेच करतं. पोटावरच्या चरबीमुळे इन्सुलिन चढं राहतं, ते पेशींना वाढायला चिथावतं. उलट ज्वारी, डाळी, पालेभाज्यांतला चोथा आतड्यातले जिवाणू आंबवतात. त्यातून मिळणारं ब्युटिरेट हे अस्तराच्या पेशींचं मुख्य इंधन. ताटातून चोथा घालवणं मला म्हणूनच फार महागाचं वाटतं.

पॉलिप बहुधा दुखत नाही. ज्या थोड्यांचा कर्करोग होतो, त्यांनाही सहसा १० वर्षं लागतात. तेवढ्या अवधीत दुर्बिणीच्या तपासणीत सापडला, तर तिथल्या तिथे काढता येतो.